परदेशी सहलीचा हिशेब उंबरठ्यापासून

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि खर्च

परदेशी सहलीच्या खर्चाविषयी गेल्या काही आठवड्यांत वाचकांची पुष्कळ पत्रे आली. पणजीत प्रवासनियोजनाचे काम करताना जे प्रश्न मला रोज ऐकू येतात, तेच थोड्याफार फरकाने या पत्रांतही आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस व्हिएतनामला जाऊ इच्छितो. होई आन आणि दा नांग पाहण्याची मुलांची फार इच्छा आहे. गोव्याहून निघणाऱ्या एकत्रित तिकिटापेक्षा मुंबईहून निघणारे तिकीट माणशी आठ हजारांनी स्वस्त दिसते. मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन ही बचत करावी का?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : तुम्ही कळवलेला आठ हजारांचा फरक खरा आहे, परंतु तो मुंबईच्या विमानतळापासूनचा आहे आणि तुमचे घर फोंड्याला आहे. म्हणून एक वही घ्या, पानावर दोन रकाने आखा आणि दोन्ही मार्गांचा खर्च घराला कुलूप लावल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत मांडा. चौघांचे मिळून ३२ हजार वाचताना दिसतात. आता रेल्वेच्या तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याची चौघांची जाण्यायेण्याची तिकिटे सुमारे दहा हजार, मुंबईत स्थानक ते विमानतळ अशी सामानासह टॅक्सी दोन्ही वेळची मिळून दोन हजार, एका रात्रीचा हॉटेलचा मुक्काम पाच हजार आणि वाटेतले खाणेपिणे दोन हजार असे धरले, तर १९ हजार तेथेच खर्ची पडतात. उरतात १३ हजार. शिक्षकाच्या घरात ही लहान रक्कम नव्हे, हे मी जाणते. पण तिच्या मोबदल्यात नऊ दिवसांच्या सुट्टीतले जवळजवळ दोन दिवस जातात, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

आणखी एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. विमानाचे स्वस्त तिकीट तुम्ही चार महिने आधी काढाल, पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. दिवाळीच्या दिवसांत कोकण रेल्वेवरची आरक्षणे किती लवकर संपतात, हे मडगाव किंवा करमळी स्थानकावर वाट पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणजे पुढचे तिकीट हातात आणि मुंबईपर्यंतचे प्रतीक्षा यादीत, अशी अवस्था होऊ शकते. मग ऐन वेळी मुंबईचे विमान घ्यावे लागले, तर उरलेले १३ हजार तर जातातच, वर पदरचेही जातात.

वेगवेगळ्या तिकिटांतला सर्वांत मोठा धोका मात्र वेळेचा असतो. गोवा ते मुंबई आणि मुंबई ते हनोई ही दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील, तर पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीकडे राहते. तिकिटे वेगळी काढली की ती जबाबदारी तुमची होते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी स्वतः हा धोका पत्करला होता. मडगावहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरायचे आणि दुपारचे विमान धरायचे, असा बेत होता. रुळांवर दरड आल्याने गाडी पहाटेपासून रत्नागिरीच्या अलीकडच्या एका लहान स्थानकात उभी राहिली. फलाटाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता, चहाचा कागदी पेला हातातच थंड झाला होता आणि मी दर पाच मिनिटांनी मोबाइलवर तीच विमानाची वेळ पुन्हा पुन्हा पाहत होते. ते विमान गेले. त्याहून मोठा धक्का पुढे होता. जातानाच्या विमानात मी बसले नाही, म्हणून त्याच आरक्षणातले परतीचे तिकीटही रद्द झाले. हा नियम तिकिटाच्या अटींत लिहिलेला होता आणि मी तो वाचलेला नव्हता.

तेव्हा माझे मत असे, की मुले बरोबर असताना तुम्ही गोव्यापासूनचे एकत्रित तिकीट घ्यावे. मुंबईहूनच जायचे ठरवल्यास आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे आणि तो मुक्काम खर्चात आधीच धरावा.

आता होई आनविषयी, कारण पैसे वाचवण्याचा खरा मुद्दा तुमच्या पत्रात तेथे आहे. मध्य व्हिएतनामचा पावसाळा आपल्यासारखा जूनमध्ये नसतो. तो साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या गावात नदीचे पाणी शिरण्याचे प्रसंग वारंवार येतात. दिवाळीत तेथली हॉटेले स्वस्त दिसतात, त्याचे कारण हेच आहे. हीच सुट्टी हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँगचा उपसागर या उत्तरेकडच्या भागात घालवली, तर हवा कोरडी आणि सुखद मिळते. होई आन व दा नांग मे महिन्याच्या सुट्टीसाठी ठेवावेत, कारण तेव्हा तेथे उकाडा असला तरी समुद्र शांत आणि आकाश मोकळे असते. मुलांची समजूत घालणे कठीण जाईल, पण पैसे भरून चार दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहणे त्यांना त्याहून कठीण जाईल. पाऊस आपल्याला घरी फुकट मिळतो.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरचा आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. मुलांनाही स्वतंत्र व्हिसा लागतो, म्हणजे चौघांचे १०० डॉलर झाले. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पत्ता नीट तपासून अर्ज करावा. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. अर्जात आणि विमानाच्या तिकिटात नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. व्हिसाच्या अर्जातल्या चुकीसाठी शुल्क पुन्हा भरावे लागते आणि तिकिटातल्या चुकीसाठी विमान कंपनी दुरुस्तीचे पैसे मागते.

प्रश्न : आमचा किनाऱ्यावर शॅकचा, म्हणजे हंगामी उपाहारगृहाचा, व्यवसाय आहे. मे अखेर तो बंद होतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उभारावा लागतो. त्यामुळे आम्हाला फक्त पावसाळ्यात फिरता येते. या दिवसांत कमी खर्चात कोठे जाता येईल?
— एक दांपत्य, मोरजी

उत्तर : तुमच्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण इतरांच्या सुट्टीसाठी आठ महिने राबणाऱ्या माणसांच्या सुट्टीचा विचार आपल्याकडे फारसा कोणी करत नाही. शिवाय तुमच्या हातात एक गोष्ट आहे, जी नोकरदारांकडे नसते: शाळा-कचेऱ्यांच्या तारखांनी तुम्ही बांधलेले नाही. सहलीच्या खर्चात तारखेइतकी बचत दुसरी कोणतीही गोष्ट करून देत नाही.

जुलै आणि ऑगस्टमध्ये युरोपचा विचार मनातून काढून टाकावा. तेथे ती शाळांची सुट्टी असते आणि आपल्या नाताळात कळंगुटला खोल्यांचे जे भाव होतात, तेच त्या दोन महिन्यांत तेथे असतात. जूनमध्ये जायचे असेल तर बालीचा विचार करा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथे एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी सुरू होण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, भाव अजून चढलेले नसतात. श्रीलंका त्याहून जवळ आणि त्याहून स्वस्त. मात्र तेथे कोणत्या किनाऱ्यावर जायचे, हे नीट ठरवायला हवे. आपल्याकडे बरसणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो आणि गॉलच्या किनाऱ्यावरही त्याच महिन्यांत पडतो, परंतु मधले डोंगर त्याला अडवतात, त्यामुळे पूर्वेकडचे त्रिंकोमाली आणि अरुगम बे हे भाग मे ते सप्टेंबर कोरडे राहतात. बेटाच्या त्या बाजूला तेव्हा हंगाम असतो, पण तिथला हंगामही आपल्या मोरजी-आश्व्याच्या डिसेंबरसारखा महाग नसतो.

पण तुमच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो काळ चतुर्थीनंतरचा आहे. चतुर्थीला घरी असायलाच हवे आणि गणपतीसमोर फळापानांची माटोळी बांधायला हात हवेत, यात तडजोड नाही. ती कधी ऑगस्टच्या शेवटी येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. गणपती पोचवून झाल्यावर शॅकचे बांबू उभे करण्याची धावपळ सुरू होईपर्यंत जे दोन-तीन आठवडे मिळतात, त्यांत युरोपातल्या शाळा उघडलेल्या असतात, दक्षिणेकडचा समुद्र अजून कोमट असतो आणि विमानाचे व मुक्कामाचे दर जुलैच्या मानाने बरेच उतरलेले असतात. उझबेकिस्तानातले समरकंद आणि बुखारा पाहण्याचे मनात असेल, तर तेथेही जुलैमधला ४० अंशांचा उन्हाळा सप्टेंबरअखेर ओसरतो. आग्नेय आशियात जायचे झाल्यास १ ते ७ ऑक्टोबर हा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा तेवढा टाळावा.

तुम्ही स्वतः याच व्यवसायात आहात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगावी लागणार नाही. लहान हॉटेल किंवा घरगुती निवास चार-पाच रात्रींसाठी हवा असेल, तर मालकाला थेट लिहून भाव विचारावा. मध्यस्थ संकेतस्थळाला द्यावे लागणारे कमिशन वाचत असल्याने बरेच मालक न्याहारी तरी वाढवून देतात किंवा दरात थोडे उतरतात.

प्रश्न : आम्ही एकत्र कुटुंबातले नऊ जण, त्यांत सत्तरी ओलांडलेले दोघे, सिंगापूर-मलेशियाची सहल करणार आहोत. कंपनीचे पॅकेज घ्यावे की स्वतः आरक्षण करावे? पॅकेजवर सरकार वेगळा कर घेते, असे ऐकले आहे. तो वाया जातो का?
— एक व्यापारी, म्हापसा

उत्तर : स्वतः आरक्षण करणे नेहमीच स्वस्त असते, असा समज अलीकडे फार पसरला आहे. दोन तरुण माणसांसाठी तो बहुधा खरा असतो. नऊ माणसांच्या, दोन वृद्धांना घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी बरेचदा खरा नसतो. परक्या शहरात नऊ जणांना प्रत्येक वेळी दोन-तीन टॅक्सी कराव्या लागतात. पॅकेजमध्ये एक बस दारात उभी असते. पहिल्या परदेशवारीला पॅकेज घेण्यात मला कमीपणा वाटत नाही.

किंमत पाहण्याआधी मात्र तिच्यात काय नाही, ते पाहावे. व्हिसाचे शुल्क, दुपारची जेवणे, वाहनचालक आणि मार्गदर्शक यांना द्यायची बक्षिसी, आणि ‘ऐच्छिक’ म्हणून कार्यक्रमात लिहिलेली पण प्रत्यक्षात सगळेच पाहतात ती स्थळे, या चार गोष्टींनी दोन पॅकेजांमधला फरक पुसला जातो किंवा उलटतो. हॉटेलचे नाव लेखी मागावे आणि ते शहराच्या मध्यापासून किती दूर आहे, ते नकाशावर पाहावे. ‘अमुक हॉटेल किंवा तत्सम’ एवढ्यावर समाधान मानू नये. सिंगापूरमध्ये रात्रीच्या जेवणाचा आग्रह पॅकेजमध्ये धरू नये, असे मी सुचवीन. तेथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे सरकारच्या देखरेखीखालच्या स्वच्छ खाद्यबाजारात, मासे-भातापासून इडली-डोशापर्यंत सर्व काही हॉटेलच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते, आणि प्रत्येकाला आपापल्या आवडीचे खाता येते.

आता कराविषयी. भारतातल्या कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की ती कंपनी तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केलेला कर, घेते. हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे आणि त्याचे दर पुढच्या अर्थसंकल्पांत बदलत गेले आहेत, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारून घ्यावा. हा कर वाया जात नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो आणि जास्त झाला तर परत मिळतो. नोकरदारांना तो मालकाला कळवून पगारातून कापल्या जाणाऱ्या करात वळता करून घेण्याचीही सोय आहे. तरीही ती रक्कम काही महिने अडकून राहते, हे खरे. म्हणून आरक्षण करताना कुटुंबातल्या कोणाच्या पॅनवर ते होते, याचा विचार करावा. जो नियमितपणे कर भरतो आणि विवरणपत्र वेळेवर देतो, त्याच्या नावावर ते असावे. वडिलांच्या नावावर आरक्षण केले आणि ते विवरणपत्रच भरत नसतील, तर पैसे परत मिळवण्यासाठी केवळ त्यापायी ते भरावे लागेल. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल घेतले, तर ते पॅकेज ठरत नाही.

प्रश्न : एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा दिवस मी एकटा जपानला जाणार आहे. टोकियो आणि क्योटो ही दोनच शहरे पाहायची आहेत. सगळे जण रेल्वे पास घ्यायला सांगतात. पैसे रोख न्यावेत की कार्डावर?
— औषधनिर्मिती कंपनीतला एक नोकरदार, वेर्णा

उत्तर : सगळे जण सांगतात तो सल्ला जुना झाला आहे. जपानच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीचे एका बाजूचे तिकीट सुमारे १४,००० येन आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८,००० येन. तुम्ही दोनच शहरांत राहणार असाल, तर पास घेणे म्हणजे सुमारे २२,००० येन उगाच देणे. साधी तिकिटे घ्या.

तारखांचा मात्र फेरविचार करा. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत तेथे बऱ्याच सार्वजनिक सुट्ट्या जवळजवळ येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात. सगळा देश तेव्हा प्रवासाला निघतो, क्योटोतल्या खोल्यांचे भाव गगनाला भिडतात आणि गाड्यांत जागा मिळत नाही. रजा पुढे ढकलता येत असेल, तर ८ मेनंतर निघा. तोपर्यंत गर्दी ओसरलेली असते आणि हवाही छान असते.

पैशांबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे तोटा कळत नकळत होतो. आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला, की बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के जादा आकार लावते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी घेते. साडेतीन टक्क्यांचा आकार धरला, तर एक लाखाच्या खर्चावर ३,५०० रुपये आणि त्यावर ६३० रुपये कर, म्हणजे एकूण ४,१३० रुपये होतात. हा आकार नसलेली किंवा कमी असलेली कार्डे काही बँका देतात. तुमच्या बँकेला विचारा. फॉरेक्स कार्डात येन आधीच भरून ठेवले, तर दर त्या दिवशीचा पक्का होतो, परंतु परतल्यावर उरलेले येन पुन्हा रुपयांत करताना थोडे नुकसान सोसावे लागते, म्हणून लागेल तेवढेच भरा.

दुकानात कार्ड दिल्यावर यंत्राच्या पडद्यावर कधी कधी दोन आकडे येतात, एक तेथल्या चलनातला आणि दुसरा रुपयांतला. रुपयांचा आकडा ओळखीचा असतो, त्यामुळे बोट आपोआप तिकडे जाते. ते जाऊ देऊ नका. त्या रुपयांच्या आकड्यात दुकानाच्या बँकेने आपल्या सोयीचा विनिमय दर लावलेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. नेहमी त्या देशाचेच चलन निवडा. एटीएममध्येही हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही हेच आहे. एटीएमचे शुल्क प्रत्येक वेळी लागते, म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा.

थोडी रोख रक्कम हवीच, कारण जपानमधली लहान उपाहारगृहे आणि देवळे अजून रोखीवर चालतात. भारतातून एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्या किमतीच्या परकीय नोटा नेता येतात. त्या विमानतळावर विकत घेऊ नका. पणजीत, मडगावला किंवा कळंगुटला रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचे मनी चेंजर आहेत. दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी भाव विचारा आणि ‘सगळा आकार धरून माझ्या हातात किती येन पडतील’ एवढाच प्रश्न करा. ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे चलन घ्यायचे असेल, तर पैसे रोखीने देता येत नाहीत. चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात.

प्रश्न : नाताळात दुबईला भावाकडे जायचे आहे. आमच्याकडे २२ डिसेंबरपासून दहा-बारा दिवस आहेत. विमानतळ दाबोळीचा सोयीचा की मोपाचा? आणि तिकीट कधी स्वस्त मिळेल?
— एक गृहिणी, काणकोण

उत्तर : मोपाचे तिकीट दोन हजारांनी स्वस्त दिसले तरी काणकोणहून पेडण्यापर्यंतची टॅक्सी म्हणजे गोव्याचे एक टोक ते दुसरे टोक आहे, आणि आपल्याकडच्या टॅक्सीचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. एकट्याने प्रवास असेल तर मडगावहून कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी परिवहनाच्या, विमानतळ बसची वेळ पाहावी. चार जण असतील तर दाबोळीच बरे.

तिकिटाबाबत तुमची दिशा फायद्याची आहे. नाताळापूर्वी आखातातले गोमंतकीय घरी येतात आणि पर्यटकही गोव्याकडे धावतात, त्यामुळे गोव्यात येणारी विमाने महागतात. नववर्षानंतर तीच गर्दी परत जाते. तुम्ही उलट्या दिशेने जाणार आहात. २२ डिसेंबरला जाऊन २ किंवा ३ जानेवारीला परतलात, तर दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध प्रवास होईल. २८ ते ३१ डिसेंबरमधली परतीची तारीख मात्र टाळा. मुलांच्या शाळेची तारीख आधी पाहून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, वय ६७ आणि ६५. मुलगी लिस्बनला नोकरी करते. तिच्याकडे महिनाभर राहून जमल्यास स्पेनही पाहायचे आहे. मला मधुमेह आहे. विमा आणि व्हिसा यांवर फार खर्च होईल का? तिकीट आताच स्वस्त आहे, ते काढून ठेवावे का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, मडगाव

उत्तर : सर, तिकीट आताच काढू नका. परतावा न मिळणारे स्वस्त तिकीट आधी घेतले आणि व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा आला, तर त्या तिकिटाचे काही होत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही तीन-चार महिने आधी करा, म्हणजे व्हिसा हाती आल्यावरही तिकिटाचे दर बरे मिळतील. अर्जासोबत प्रवासाचे आरक्षण दाखवावे लागते, त्यासाठी रद्द करता येणारे आरक्षण पुरते. व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून कागदपत्रे पूर्ण असणे हीच येथली बचत आहे. मुलीचे निमंत्रणपत्र, तिच्या वास्तव्याचा पुरावा आणि तुमच्या निवृत्तिवेतनाचे बँकेचे उतारे नीट लावा. सर्वाधिक दिवस जेथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि तुमचा मुक्काम मुख्यतः लिस्बनला असल्याने तो पोर्तुगालकडेच होईल. स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

विम्यात काटकसर करू नये, असे मी कळकळीने सांगते. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण बंधनकारक आहे, आणि सर्वांत स्वस्त पॉलिसी तेवढ्यावर थांबते. तुम्हाला मधुमेह आहे, तो अर्जात लिहाच. तो लपवला तर हप्ता थोडा कमी बसेल, परंतु तेथे रुग्णालयात जावे लागले आणि कंपनीने दावा फेटाळला, तर त्या बिलापुढे सगळ्या सहलीचा खर्च क्षुल्लक वाटेल. आधीपासूनच्या आजाराची तातडीची अवस्था पॉलिसीत समाविष्ट आहे का, हे वाक्य स्वतः वाचून पाहा; विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. महिनाभराची औषधे येथूनच न्या, इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि निम्मी औषधे हातातल्या पिशवीत ठेवा.

मुक्काम मुलीकडे असल्याने तुमचा सर्वांत मोठा खर्च आधीच वाचलेला आहे. पोर्तुगालच्या सरकारी रेल्वेत ६५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या प्रवाशांना निम्म्या दरात तिकीट मिळते. तिकीटघरात पासपोर्ट दाखवून तशी मागणी करावी लागते, आपणहून कोणी देईलच असे नाही. पोर्तो आणि कोइंब्राला जाताना तुम्हा दोघांनाही ही सवलत घेता येईल. माद्रिदला गेलात तर प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात या वेळेत विनामूल्य असते. रांग लांब लागते, म्हणून अर्धा तास आधी जा आणि सौ. ना बसायला दारासमोरच्या झाडांखालचे बाक शोधून द्या, तोवर तुम्ही रांगेत उभे राहा.